भिंतीवरच्या ओळीच्या पुढची ओळ

माझ्या सासऱ्यांनी दिलेली एक फ्रेम अठरा वर्षं आमच्या घरात, दारातून आत आलं की समोरच्याच भिंतीवर होती. तिच्यात एकच ओळ. आपण एकमेकांच्या नजरेआड गेलो की देवाने तुझ्या-माझ्यावर लक्ष ठेवावं, अशा अर्थाची. ओळ बायबलमधली होती आणि मी ती कितीतरी लोकांना कौतुकाने वाचून दाखवली. तिच्या पुढची ओळ मात्र मी गेल्या वर्षीच्या डिसेंबरात पहिल्यांदा वाचली, तीही सासरे गेल्यावर.

मी यवतमाळचा. आजोबा कोर्टात कारकून, वडील कलेक्टर ऑफिसात, मी पंचायत समितीत. घरात कागदाला फार मान. नोकरीची पहिली पाच वर्षं मारेगावला होतो. तिथे तालुक्याच्या लसीकरणाच्या बैठकांना एक नर्स यायची. रजिस्टर नीट भरलेलं असायचं आणि साहेब लोकांना ती तोंडावर सांगायची की गाडी वेळेवर पाठवली नाही तर लस खराब होते. ती पांढरकवड्याची, ख्रिस्ती घरातली. आम्ही रजिस्टर लग्न केलं. माझ्या घरचे वर्षभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले. तिच्या घरी तेवढीही अडचण आली नाही.

सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, कमी बोलणारे. अक्षर असं की फळ्यावरचं पुसायला पोरांच्या जिवावर यायचं, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. रविवारी चर्चमध्ये पाळक नसले की उपासना तेच चालवायचे. त्यांना एक सवय होती. कोणी काही ऐकवलं, पेपरातली बातमी असो, मोबाइलवर आलेलं एखादं सुवचन असो, की ते विचारायचे, "त्याच्या आंधी काय हाय? अन् मंग?" मला ती मास्तरकीची खोड वाटायची. मी त्यांना मामाजी म्हणायचो, आपल्याकडे सासऱ्याला म्हणतात तसं.

आता जे सांगतो ते मी अठरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. एका रविवारी मी ऑफिसातल्या दोघा वरिष्ठांना जेवायला बोलावलं. बायकोला आदल्या दिवशी सांगितलं असं मला वाटत होतं. ती म्हणते, सांगितलं नव्हतं. मी पाहुण्यांना घेऊन घरी आलो तर दाराला कुलूप. ती उपासनेसाठी पांढरकवड्याला गेली होती. मी त्या दोघांना चौकातल्या हॉटेलात घेऊन गेलो, तिथे ते हसले, आणि त्यांच्यापैकी एक म्हणाला की बायको नोकरीवाली केली की असंच व्हायचं. दुपारी ती आली. तिच्या पायात अजून चपला होत्या, हातात आईने दिलेला डबा होता. मी तिला मारलं. एकच थप्पड, पण अशी की डबा खाली पडून उघडला आणि भाजी उंबऱ्यावर सांडली. तिने आधी भाजी पुसली.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेली. तिसऱ्या दिवशी मी गरम जिलेबी आणली. तिने खाल्ली. विषय संपला, असं मी धरलं. पुन्हा कधी हात उचलला नाही, आणि त्याचं श्रेय मनातल्या मनात स्वतःलाच देत राहिलो.

त्याच वर्षी नाताळला आम्ही पांढरकवड्याला गेलो. सासूबाईंनी अनारसे केले होते. जेवणं झाल्यावर मामाजींनी आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम आणली आणि दोन्ही हातांनी मला दिली. अक्षर त्यांचंच, निळ्या शाईतलं, कडेला बारीक वेल. खालच्या कोपऱ्यात अगदी लहान अक्षरात एक शब्द आणि काही आकडे होते. ते फ्रेमवाल्याचे असतील असं मला वाटलं.

"वाचलं का, जवाई?" त्यांनी विचारलं.

"वाचलं, मामाजी. फार सुंदर आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दारासमोर लावा."

मी लावली. मला फार भरून आलं होतं. परधर्मातल्या जावयाला या माणसाने एवढ्या मायेने आपलं म्हटलं, असं वाटलं. आम्ही दूर दूर राहत असलो तरी देव आपल्या दोघांना जोडून ठेवो, असा मी त्याचा अर्थ लावला. घरी कोणीही आलं की सांगायचो, हे आमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. पुढे माझी बदली यवतमाळला झाली आणि बायको काही वर्षं मारेगावकडेच राहिली, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाला मी तीच ओळ तिला एसएमएसने, पुढे व्हॉट्सअॅपवर पाठवायचो. गुलाबाचं फूल जोडून. तिचं उत्तर यायचं, "हो." एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात ती ओळ मी माइकवर म्हटली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मामाजी गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. आजारी असे नव्हतेच, सकाळी चहा घेतला आणि पलंगावर आडवे झाले ते उठले नाहीत. महिन्याभराने चर्चमध्ये स्मरणसभा ठेवली होती. पाळकसाहेबांनी फोन करून सांगितलं की जावई म्हणून तुम्ही दोन शब्द बोला. मी लगेच हो म्हणालो. काय बोलायचं हा प्रश्नच नव्हता. ती ओळ होतीच.

सभा संध्याकाळी चारला. आम्ही दुपारीच पांढरकवड्याला पोचलो. बायको आणि सासूबाई आत बायकांमध्ये बसल्या होत्या. मी अंगणात, मामाजींच्या पलंगावर. मनात आलं, उगाच काही चुकायला नको, चर्चमधली माणसं जाणकार असतात, ओळ कुठली आहे ते निदान बघून ठेवावं. मोबाइलमध्ये फ्रेमचा फोटो होता. तो मोठा करून बघितला तर कोपऱ्यातला शब्द पवित्र शास्त्रातल्या पहिल्याच पुस्तकाचं नाव निघाला आणि आकडे अध्यायाचे. फ्रेमवाल्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. आत जाऊन मामाजींचं पवित्र शास्त्र मागून आणलं. काळं कव्हर, कडा हाताने मऊ झालेल्या.

ओळ सापडली. अगदी तीच. मला आनंद झाला. जावई बोलताना थोडा संदर्भ सांगेल तर बरं दिसेल म्हणून मी अध्यायाच्या सुरुवातीला गेलो आणि वाचायला लागलो.

त्यात एक सासरा होता आणि एक जावई. जावई वीस वर्षं सासऱ्याच्या घरी राबलेला, सासऱ्याने त्याला पुन्हा पुन्हा फसवलेलं. शेवटी एक दिवस सासरा मेंढरांची लोकर कातरायला गेलेला असताना जावई त्याच्या मुली, नातवंडं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघून जातो. सासऱ्याला तिसऱ्या दिवशी कळतं. तो माणसं घेऊन पाठलाग करतो, सात दिवस. गाठतो. दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलतात. मग कोणाचाच कोणावर विश्वास उरलेला नसल्यामुळे दगडांची रास रचतात आणि ठरवतात की ही हद्द, इकडून तिकडे वाईट हेतूने कोणी यायचं नाही. आणि त्या राशीपाशी उभा राहून सासरा ती ओळ म्हणतो.

माझ्या भिंतीवरची ओळ.

मी ती पुन्हा वाचली. प्रेमाचं त्यात काही नव्हतं. तू माझ्या नजरेआड काय करशील याचा मला भरवसा नाही, म्हणून देवाला पहाऱ्यावर बसवतो, असं ते बोलणं होतं. तरी अजून मला वाटत होतं की मामाजींनी घाईत चांगली दिसणारी ओळ उचलली असेल. मग पुढची ओळ वाचली.

पुढच्या ओळीत सासरा म्हणतो की तू माझ्या मुलींना जाच केलास तर आपल्यात दुसरं कोणी माणूस नसलं तरी देव साक्षी आहे, हे ध्यानात ठेव.

त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. पट्टीने मारलेली, सरळ, चित्रकलेच्या मास्तरची. वरच्या ओळीखाली नव्हती. समासात, त्याच पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: जवाई.

कोणीतरी चहा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. बाहेर हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज चालू होता आणि मला तो ऐकू येत होता, पण त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. हा म्हातारा अठरा वर्षं माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर माझी बेइज्जती टांगून बसला होता, असं वाटलं. मी चुळबुळलो, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. मग डोकं आपोआप मागे गेलं. फ्रेम कधी दिली? नाताळला. कोणत्या? लग्नानंतरच्या दुसऱ्या. आणि तो रविवार कधीचा होता? त्याच्या आधीच्या पावसाळ्यातला, पोळ्याच्या आसपासचा. त्यांना माहीत होतं. त्या दिवशी अनारसे वाढताना माहीत होतं, फ्रेम देताना माहीत होतं, नंतर अठरा वर्षं मी त्यांच्या पाया पडायचो तेव्हाही माहीत होतं. "वाचलं का, जवाई?" असं विचारून ते माझ्याकडे का बघत राहिले होते, ते तेव्हा, त्या पलंगावर कळलं. मी गुलाबाचं फूल जोडून ती ओळ बायकोला पाठवायचो हे आठवलं आणि मला उठून परसात जावं लागलं. नळाखाली तोंड धुतलं.

सभेत माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. चर्च लहान, पुढच्या बाकावर सासूबाई आणि बायको. मी एवढंच म्हणालो की मामाजी मला जे सांगत होते ते मला आज कळलं, आणि मी त्याला लायक नव्हतो. लोकांना वाटलं जावयाचा कंठ दाटला. मागच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. बायको माझ्याकडे बघत होती आणि तिला मात्र वेगळं काही वाटलं असावं, कारण तिने मान खाली घातली नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत कापसाची वेचणी चालली होती. गाडी मी चालवत होतो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर मी गाडी कडेला घेतली.

मी तिला विचारलं की त्या ओळीच्या पुढे काय आहे ते तुला माहीत होतं का. ती म्हणाली, होतं. रविवारच्या शाळेत तो अध्याय तिने लहानपणीच शिकला होता. मी विचारलं, बाबांना तू सांगितलं होतंस का. तिने सांगितलं नव्हतं. त्या रविवारनंतर आठ दिवसांनी ते काही कामाने मारेगावला आले होते आणि दवाखान्यात तिला भेटले. गालावरचं तोवर गेलं होतं. पण त्यांनी विचारलं, डब्याचं झाकण कसं चेपलं, आणि तिला उत्तर देता आलं नाही. ते पुढे काही न विचारता गेले. फ्रेम तयार झाल्यावर, मला देण्याआधी, त्यांनी ती तिला दाखवली होती. ही देऊ का, म्हणून. तिने द्या म्हटलं होतं.

"मंग तू मले काहून नाई सांगितलं?" मी म्हणालो. घरी मी असं बोलत नाही, त्या दिवशी बोललो.

"मले वाटे तुमाले समजलं," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा कधी हात नाई उचलला. मले वाटे तुम्ही वाचलं असन, अन् मनात ठेवलं असन. वाढदिवसाले पाठवायचे तवा वाटे, हा माणूस कबूल करून राह्यला."

खोटं बोलता आलं असतं. हो, समजलं होतं, असं म्हटलं असतं तर तिची अठरा वर्षं जशीच्या तशी राहिली असती. मी क्षणभर तो विचार केला, हेही इथे लिहितो. पण अंगणातल्या त्या पुस्तकानंतर ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, मला काहीच समजलं नव्हतं. आजपर्यंत नाही.

"मंग थांबले कायले?"

मी खरं ते सांगितलं. थप्पड मारली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पुन्हा कोणी ऐकेल याची मला लाज वाटायची. तेवढंच कारण होतं.

ती हसली. फार लहान हसली आणि लगेच थांबली. असा धक्का मला तिच्या रडण्याने बसला नसता. मी स्वतःची बाजू घेण्यासारखं काहीतरी म्हणालो, की त्या गोष्टीतला सासराही काही भला माणूस नव्हता, त्याने तर जावयाला वर्षानुवर्षं लुबाडलं होतं. हो, ती म्हणाली, तो अध्याय पूर्ण वाचला की कोणीच भलं राहत नाही, एक मुलगीसुद्धा बापाच्या घरातले देव चोरून आणते. बाबांना हे सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच त्यांनी ती ओळ निवडली होती. मग तिने गाडी सुरू करायला सांगितलं, कारण माकडं रस्त्यावर यायला लागली होती.

पंधरा दिवसांनी मी एकटाच पांढरकवड्याला गेलो. सासूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी खाली बसलो आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं, भाजी सांडली तेही. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. शेंगा सोलणंही थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या की हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, मामाजी मारेगावहून आले तेव्हा.

"त्यायनं आंधी खालची ओळ लिहिली होती," त्या म्हणाल्या. "पोरींची. फ्रेमबी करून आणली. मी म्हटलं, हे देसान तर जवाई पोरीले आपल्या दारात आणून सोडन. चार दिवस बसले त्या फ्रेमपाशी. मंग कागद बदलला, वरची लिहिली. म्हणे, नंबर टाकून देतो. कागदाच्या घरचा माणूस हाय, वाचन."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मामाजींनी माझ्यावर अविश्वास दाखवला, असं मी दोन आठवडे धरून बसलो होतो. आणि इकडे त्यांनी मुलीची काळजी माझ्या वाचण्यावर सोडली होती. कोपऱ्यात पत्ता लिहून दिला होता. आयुष्यभर फायलींमध्ये मागचं पत्र, पुढचं पत्र शोधत आलेला मी, त्या चार आकड्यांकडे अठरा वर्षांत एकदाही वळलो नाही.

मी विचारलं की मग ते इतकी वर्षं गप्प का राहिले. सासूबाई म्हणाल्या की ते दर नाताळला मुलीचे हात बघायचे, बांगड्या बघायच्या निमित्ताने. मला तेवढंच आठवलं नव्हतं. आता आठवलं. बांगड्यांचं त्यांना कौतुक आहे, असं मी समजायचो.

बायकोने मला माफ केलं का, मला माहीत नाही. ती नेहमीसारखी वागते. एक गोष्ट मात्र तिने त्या आठवड्यात सांगितली, की मुलीला हे कळायला हवं आणि ते मीच सांगायचं. आमची मुलगी अमरावतीला होस्टेलवर राहते, बारावीला आहे. ती त्या फ्रेमखालीच मोठी झाली. मैत्रिणीच्या वहीत तिने ती ओळ लिहून दिली होती, आमच्या घरचं वाक्य म्हणून.

रविवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. आधी गोष्ट सांगितली, दगडांच्या राशीची, मग पुढची ओळ, मग आमच्या मारेगावच्या खोलीतला तो दिवस. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल.

"आई तेव्हा काय म्हणाली?" तिने विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

"आणि तुम्ही विचारलं पण नाही, बाबा?"

"नाही."

ती म्हणाली, आईला फोन द्या. मी दिला. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. त्या तासभर बोलत होत्या, काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला गेलोही नाही. गॅसवर भाताचं आधण उकळत होतं. मी तांदूळ धुतले आणि भात टाकला.